बालाघाटाची चढण आणि मोटारीचा ताप



बीड शहर सोडून सोलापूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले म्हणजे थोड्याच वेळात बालाघाटाचे डोंगर समोर उभे राहतात आणि मांजरसुंब्याची चढण सुरू होते. या डोंगरामुळे आमचा जिल्हा दोन पायऱ्यांचा झाला आहे. खाली गोदावरीकाठची काळी, सपाट जमीन. वर पाटोदा, केज, अंबाजोगाईकडचे पठार. खालच्या माणसास वर जाणे आणि वरच्यास खाली येणे भागच असते, आणि हे येणेजाणे पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यानेच होत आले. परळीस आगगाडी फार पूर्वी पोहोचली. परंतु जिल्ह्याच्या मुख्य शहरास तिचे दर्शन घडण्यास २०२५ सालचा सप्टेंबर उजाडावा लागला. तोवर बैलगाडी आणि तिच्यामागून आलेली मोटार, याच दोन वाहनांवर आमचा सारा संसार चालला.

मी जन्मभर प्राथमिक शाळेत मुले शिकविली. मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षण नाही, आणि यंत्रविशारद म्हणवून घेण्याचा अधिकार तर मुळीच नाही. तथापि एका जुन्या जीपगाडीने आणि एका वृद्ध मिस्त्रीने मला मोटारीचा ताप कसा ओळखावा हे शिकविले. त्या निमित्ताने या विषयाचा थोडा इतिहासही मी चाळला. तो आज आपणांपुढे ठेवावा, असा विचार आहे.

प्रारंभी मोटार तापते म्हणजे काय होते, ते पाहू. इंजिनात जळणाऱ्या तेलाची सारी शक्ती चाकांस मिळते, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. जुन्या इंजिनात त्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो. सुमारे तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर पडतो आणि जवळजवळ तितकीच उष्णता इंजिनाच्या भिंतींत शिरते. ती तेथून सतत काढून नेली नाही, तर लोखंड फुगेल, वंगण जळेल आणि दट्ट्या नळकांड्यात अडकून बसेल. हे काढून नेण्याचे काम पाणी करते. ते इंजिनाभोवती फिरून उष्णता घेते, पुढच्या रेडिएटरमध्ये येऊन ती वाऱ्यास देते, आणि पुन्हा इंजिनाकडे परतते.

हे समजण्यास आमच्या बीडकरांना दूर जावयास नको. शहराच्या दक्षिणेस, याच सोलापूर रस्त्याच्या बाजूस, खजाना विहीर आहे. मूर्तझा निझामशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे १५६५ ते १५८८ या काळात, सलाबतखानाने ती बांधविली. तिच्यात पाणी आणणारे आणि तिच्यातून शेतांकडे नेणारे मार्ग भूमीच्या पोटातून काढलेले आहेत. मोट नाही, रहाट नाही, केवळ उताराच्या हिशेबाने पाणी चालते. जितके येते तितके जाते, म्हणून विहिरीची पातळी ठरल्या जागी राहते. इंजिनाच्या उष्णतेचेही असेच आहे. जितकी निर्माण होते तितकी बाहेर गेली, तर काटा आपल्या जागी स्थिर राहतो. काटा चढला, तर दोनच गोष्टी संभवतात: आवक वाढली असेल किंवा जावक अडली असेल. तिसरी शक्यता एवढीच की पातळी आहे तेथेच आहे आणि काटाच खोटे बोलतो. मोटारीच्या तापाचे सारे निदान या तीन वाक्यांत सामावलेले आहे.

आता इतिहासाकडे वळू. जर्मनीत कार्ल बेंझ याने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. त्या गाडीत आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. इंजिनावरच्या भांड्यातील पाणी उकळून वाफ होऊन जाई, आणि जाताना उष्णता घेऊन जाई. युक्ती साधी होती, परंतु पाण्याचा खर्च अतोनात. १८८८ साली त्याची पत्नी बर्था बेंझ पतीस न सांगता, दोन मुलांस घेऊन, मानहाइमहून फोर्टझाइमपर्यंत सुमारे १०० किलोमीटर ही गाडी घेऊन गेली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण वाटेत त्या बाईला पुनःपुन्हा थांबून पाणी भरावे लागले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मोटारीच्या जन्माबरोबरच तिची तहानही जन्मास आली.

या तहानेवर खरा उपाय विल्हेल्म मायबाख याने काढला. १९०० सालच्या अखेरीस तयार झालेल्या मर्सिडीज गाडीस त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्यात ८०७० बारीक नळ्या एकास एक जोडलेल्या होत्या. नळ्यांतून वारा जाई, नळ्यांमधल्या फटींतून पाणी जाई, आणि मागे पंखा फिरे. त्यामुळे अवघ्या नऊ लिटर पाण्यात काम भागू लागले. पुढे १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या प्रसिद्ध टी गाडीत तर बहुतेकांना पाण्याचा पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, निवालेले जड होऊन खाली उतरे, आणि तेवढ्यावर फेरा चाले. साधेपणाचा लाभ मोठा. मात्र पाणी जरा कमी झाले की फेरा तुटे आणि इंजिन तापे.

तोपर्यंत ताप कळण्याचे साधन एकच होते: पुढून वाफ निघू लागणे. म्हणजे रोगी बेशुद्ध पडल्यावर ताप आल्याचे कळावयाचे. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत बॉइस नावाच्या गृहस्थाने रेडिएटरच्या झाकणावर बसविण्याचा एक उष्णतामापक प्रचारात आणला. चालकाने काचेतून समोर पाहिले की त्यातील लाल द्रवाची रेषा दिसे. पुढे ते यंत्र जाऊन चालकासमोरच्या फळीवर काटा आला. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट याने मेण वितळून फुगते या गुणाचा उपयोग करून थर्मोस्टॅट नावाची लहानशी झडप तयार केली. इंजिन थंड असेतो ती पाण्याची वाट बंद ठेवते, आणि ठरलेली उष्णता आली की उघडते. याशिवाय दाब धरून ठेवणारे झाकण आले. दाब वाढला की पाणी उशिरा उकळते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. अर्धा वातावरणभार वाढविला तर पाणी ११० अंशांच्याही पुढे जाऊन उकळते. उलट उंचीवर ते लवकर उकळते. दर ३०० मीटर उंचीस सुमारे एक अंश उणे. म्हणजे समुद्रकाठी १०० अंशांस उकळणारे पाणी बीडमध्ये त्याहून दीड-दोन अंश आधीच उकळावयाचे, आणि बालाघाटाच्या माथ्यावर त्याहूनही आधी. झाकणाचे रबर झिजले की घाटात पाणी का उसळते, त्याचे एक उत्तर यात आहे.

आमच्या मुलखात मोटार कशी आली, तेही सांगितले पाहिजे. बीड त्या काळी हैदराबाद संस्थानात होते. निझाम सरकारच्या रेल्वेखात्याने १९३२ सालच्या जूनमध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्त्यावरील वाहतूक सुरू केली. त्यांतील आल्बियन बनावटीच्या गाड्या स्कॉटलंडहून आलेल्या. थंड, ओल्या देशात जन्मलेली ती यंत्रे दख्खनच्या वैशाखात धावू लागली. ज्या मिस्त्रींविषयी मी आता सांगणार आहे, ते पोरवयात अशाच गाड्यांवर क्लीनर होते. ते सांगत, त्या दिवसांत चालक शक्यतो पहाटे घाट चढे. पाण्याचे डबे भरून घेतल्यावाचून क्लीनरने गाडीवर चढावयाचे नाही, असा दंडक होता. चढणीच्या मध्यावर गाडी थांबवून चाकास दगड लावीत, इंजिन मंद चालू ठेवीत, आणि पाणी शांत होईपर्यंत उतारू झाडाखाली बसून राहत. कोणी कुरकुर करीत नसे.

आता माझी हकीकत. १९८७ सालची गोष्ट. पठारावरच्या एका खेड्यात माझी नेमणूक होती, आणि माझे थोरले चुलतभाऊही त्याच गावी राहत. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. त्यांच्याजवळ एक जुनी पेट्रोल जीप होती. गावात दुसरे वाहन नव्हते. म्हणून बाजारास जाणारे व्यापारी, ऊसतोडीच्या मुकादमाकडे उचल आणावयास निघालेली माणसे, आणि रात्री-अपरात्री आजारी पडलेला रोगी, सर्वांचा भार त्या जीपवर असे. त्या वर्षी उन्हाळ्यात तिचा काटा चढू लागला. पाणी उकळत नसे, परंतु नेहमी मध्यावर राहणारा काटा लाल खुणेपर्यंत जाई. कोणी म्हणाले, रेडिएटर खराब झाला. दादांनी बीडला नेऊन त्याचे आतील जाळे बदलून आणले. काटा चढतच राहिला. मग कोणी म्हणाले, पंप गेला. पंप नवा बसविला. तरीही काटा तेथेच. एका बैलाच्या किमतीएवढा पैसा गेला, आणि तो पैसा व्याजाने काढलेला होता.

पुढे आषाढातल्या एका रात्री गावातील एक बाळंतीण अडली. तिचे वडील दादांच्या दारी आले. दादांनी हात जोडले आणि म्हणाले, “गाडी मध्येच बंद पडली तर रानात पोरीचे काय होईल?” शेवटी तिला बैलगाडीत घालून मोठ्या रस्त्यापर्यंत नेले. त्यास तीन तास लागले. देवाच्या कृपेने माय आणि लेकरू दोन्ही सुखरूप राहिली. परंतु त्या रात्रीपासून दादांनी जीपकडे पाहणे टाकले. ती भंगारात घालावयाची, असे त्यांनी मला सांगितले.

मी त्यांस आठ दिवस थांबविले आणि बीडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे त्यांच्यासह जीप घेऊन गेलो. सारेजण त्यांना चाचा म्हणत. त्यांनी बॉनेट उघडले नाही, पाना उचलला नाही. बाजेवर बसूनच विचारले, “मास्तर, गाडी कधी गरम होते, ते बोला. काय बिघडले ते मागून बघू.”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. इतक्या महिन्यांत हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता, आणि आम्हीही तो स्वतःस विचारला नव्हता. दादांनी आठवून आठवून सांगितले: उभी असताना गरम होत नाही. बाजारात गर्दीतून हळू चालताना होत नाही. मोकळ्या रस्त्यावर जोराने नेली की काटा चढतो. आणि नवल असे की थांबवून इंजिन मंद चालू ठेवले की तो आपोआप खाली येतो.

चाचा हसले. म्हणाले, “मग पंख्याचा गुन्हा नाही. पंखा चोर असता तर उभी असताना पकडला असता.”

नंतर त्यांनी काट्याची साक्ष तपासावयास सांगितले. माझ्या पिशवीत शाळेतील प्रयोगाचा उष्णतामापक होता. मी तो मुद्दाम घेतला होता. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून तो पाण्यात सोडला आणि इंजिन चालू केले. पाणी हळूहळू तापत ८४ अंशांस आले आणि तेथे ठरले. समोरचा काटाही तेव्हा मध्यावरच होता. म्हणजे काटा खरे बोलत होता. मग झाकण लावून चाचांनी मला बॉनेटच्या बाजूस उभे केले आणि रेडिएटरच्या तळापासून पंपाकडे जाणाऱ्या रबरी नळीवर नजर ठेवावयास सांगितले. दादांनी रेस वाढविली. इंजिन गरजू लागले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती जाड नळी आत ओढली जाऊन चिपाडासारखी चपटी झाली. रेस सोडताच ती पुन्हा फुगून गोल झाली!

सारा उलगडा झाला. पंप ज्या बाजूने पाणी ओढतो, त्या बाजूची नळी ओढीने चपटू नये म्हणून तिच्या पोटात तारेचे वेटोळे बसविलेले असते. आमच्या नळीतील वेटोळे गंजून गेले होते आणि रबर नरमले होते. गाडी जितकी जोरात, तितकी पंपाची ओढ अधिक, आणि तितकी पाण्याची वाट अरुंद. नवा पंप तर अधिकच जोराने ओढीत असणार. विहीर भरलेली, शेत तहानलेले, आणि पाट मध्येच दबलेला, अशी ती अवस्था होती. वेटोळ्यासह नवी नळी बसविली. तिला लागलेला पैसा सांगण्यासारखाही नव्हता. परत येताना आम्ही मांजरसुंब्याचा घाट चढलो, तेव्हा काटा मध्यावरून थोडासाच हलला. दादा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. घरी पोहोचल्यावर त्यांनी प्रथम त्या बाळंतिणीच्या वडिलांकडे जाऊन गाडी दुरुस्त झाल्याचे सांगितले.

चाचांपासून मी जे शिकलो, ते क्रमवार सांगतो.

गाडी उभी असताना किंवा सावकाश चालताना तापत असेल आणि वेगात निवत असेल, तर वाऱ्याचा दोष समजावा. पंखा आणि त्याचा पट्टा पाहावा. वेगात असताना समोरचा वारा पंख्याची उणीव भरून काढतो, म्हणून हा दोष उभ्या गाडीतच उघडा पडतो.

केवळ चढणीवर, ओझे असताना तापत असेल, तर रेडिएटरची शक्ती क्षीण झाली असे समजावे. बाहेरून त्याच्या पापुद्र्यांत गवताचे कुसळ, उसाची पाचट, चिखल आणि किडे अडकतात. ते मागच्या बाजूने पाणी मारून काढावेत. आतून चुन्याची पुटे बसतात. आमच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. चहाच्या भांड्यास जे पांढरे कीट धरते, तेच इंजिनाच्या आतही धरते, आणि त्यातून उष्णता लोखंडाच्या मानाने फारच मंद गतीने जाते. इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर, रेडिएटरवरून जपून हात फिरवावा. मध्येच गार पट्टा लागला तर तेथील नळ्या बुजल्या आहेत.

इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा सरळ वर जात असेल आणि वरची नळी मात्र गारच असेल, तर थर्मोस्टॅट उघडत नाही. तो काढून पातेल्यातील पाण्यात उष्णतामापकासह तापवावा. त्यावर ८२ किंवा जो आकडा कोरलेला असेल, त्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे.

पाणी रोज कमी होत असेल आणि खाली थेंबही दिसत नसेल, तर मात्र सावध व्हावे. थंड गाडीचे झाकण काढून इंजिन चालू करावे. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, धूर पांढरा निघत असेल, किंवा वंगण ताकासारखे दिसत असेल, तर हेडखालची गॅस्केट फुटली आहे. येथे चालढकल करू नये.

आणि जावकीचे सारे मार्ग निर्दोष निघाले, तर आवक तपासावी. जुन्या पेट्रोल इंजिनात ठिणगी उशिरा पडत असेल, तर उष्णता वाढते. ब्रेक चाकास घासत राहिले, तर इंजिनावर विनाकारण भार पडतो. गाडी ढकलून पाहावी. सहज सरकली नाही तर दोष रेडिएटरात शोधू नये.

एक धोक्याची सूचना द्यावयाची आहे, आणि ती माझ्या उजव्या मनगटावरील डागाच्या साक्षीने देतो. चाचांकडे जाण्यापूर्वी एकदा तापलेल्या जीपचे झाकण मी घाईने उघडले होते. दाबामुळे जे पाणी तोवर उकळत नसते, ते झाकण निघताच एकदम उकळून अंगावर उसळते. म्हणून गाडी पूर्ण निवेपर्यंत झाकणास हात लावू नये. तसेच पाणी संपून तापलेल्या इंजिनात एकाएकी थंड पाणी ओतू नये. लाल तव्यावर पाणी पडावे तसे लोखंड तडकते. पूर्वीचे लोक चढणीवर उतारूंना झाडाखाली बसवून वाट पाहत, त्यात आळस नव्हता, शहाणपण होते.

आजच्या गाड्यांत विजेचा पंखा असतो, आणि साध्या पाण्याऐवजी ग्लायकोल मिसळलेले कूलंट असते. ते गंज धरू देत नाही आणि उकळण्याची मर्यादाही वाढविते. जुन्या गाडीवाल्यांनीही विहिरीचे पाणी सोडून शुद्ध केलेले पाणी आणि योग्य ते कूलंट वापरावे, यातच हित आहे. परंतु साधने कितीही बदलली तरी हिशेब तोच आहे: आवक, जावक, आणि काट्याची साक्ष.

मिस्त्रीचाचा आता हयात नाहीत. दादांची जीप त्यानंतर आणखी नऊ वर्षे चालली. तिने किती रोगी दवाखान्यात पोहोचविले, याची नोंद कोणी ठेवली नाही. मी मात्र शाळेत एक गोष्ट बदलली. एखादा मुलगा धड्यात अडखळला, तर त्याला रागे भरण्यापूर्वी तो केव्हा अडखळतो, हे मी पाहू लागलो. पुष्कळदा दोष मुलाच्या डोक्यात नसून वाटेतल्या एखाद्या दबलेल्या नळीतच सापडला.